पाच किलोंच्या आतल्या दोन बादल्या

सोमवार, ५ जून

वही नवी, नियम जुने. बेटावर आई आम्हाला स्वयंपाकघरातल्या टेबलाशी शिकवायची, तेव्हाच तिने दैनंदिनीचे तीन नियम घालून दिले. जे पाहिलं तेच लिहायचं. खोडायचं तर एकाच रेघेने, खालचं वाचता आलं पाहिजे. आणि कुठलाही रकाना रिकामा ठेवायचा नाही. दर शनिवारी ती लाल पेन्सिल घेऊन बसायची. आता मी सव्वीस वर्षांची आहे, फिजिओथेरपिस्ट आहे, आणि लाल पेन्सिल दोन बोटी पलीकडे आहे. तरी लिहिताना मागे वळून बघितलं जातंच.

उद्या माझा पहिला स्वतंत्र वर्ग. शेल्विक गावच्या जुन्या शाळेची व्यायामशाळा, मंगळवार आणि गुरुवार, सकाळी दहा. रक्ताचा कॅन्सर असलेल्यांसाठी. तीन नावं आली आहेत. तिघांच्या फायली मी चार वेळा वाचल्या. कुणाचं हाड मोडू शकतं, कुणाला चक्कर येऊ शकते, कुणाला साधं सर्दी झालेल्या माणसाजवळ बसणंही महाग पडू शकतं. मला स्वतःला आज दोनदा शिंक आली. दोन्ही शिंका धुळीच्या होत्या, असं मला वाटतं. खात्री नाही.

मंगळवार, ६ जून

कुणाचं काही मोडलं नाही.

तिघं असे आहेत. बोर्गहिल, वय चौऱ्याहत्तर, चाळीस वर्षं मासळीच्या कारखान्यात सुरी चालवली; त्यांना लिम्फोमा. आइलर्ट, सत्तर, फेरीबोटीचे निवृत्त कप्तान. त्यांचा ल्युकेमिया संथ आहे आणि तेही. आणि हिल्मार, सहासष्ट. आयुष्यभर लोकांची जाळी दुरुस्त केली. त्यांना मायलोमा, म्हणजे दुखणं रक्ताचं, पण खातं हाडांना.

हिल्मारचं प्रकरण सगळ्यात नाजूक. त्यांच्याच पेशी काढून ठेवायच्या, जबरदस्त औषध द्यायचं आणि मग त्या पेशी परत सोडायच्या, असा मोठा उपचार शहरातल्या हॉस्पिटलमध्ये होतो. तो त्यांना द्यायचा की नाही, हे बावीस ऑगस्टच्या बैठकीत ठरणार. शरीर तेवढा मार सोसेल का, हा प्रश्न. आणि त्याचं उत्तर तिथले डॉक्टर मी पाठवलेल्या आकड्यांवरून देणार. मी! मला अजून फॅक्स कसा करतात ते माहीत नाही.

मी "नमस्कार, मी सिग्ने" म्हणाले, तर बोर्गहिल माझ्यासमोरच आइलर्टना म्हणाल्या, "ही शिकवणार? हिला आधी कुणीतरी जेवायला घाला."

"आपल्याला उचलायचंय थोडंच हिला," आइलर्ट म्हणाले.

हिल्मारनी विचारलं, "पोरी, मला काय काय करायचं नाही ते सांग. म्हणजे तेवढं सोडून बाकीचं करतो."

"पाच किलोंपेक्षा जड काही उचलायचं नाही."

"एका हातात की दोन्ही मिळून?"

फायलीत ते लिहिलेलं नव्हतं. मी तसं कबूल केलं. दुपारी हॉस्पिटलमधल्या डॉ. रानवाइगना मेल केली, त्यांचं उत्तर आलं: "एका हातात. पाठ ताठ. आणि सिग्ने, असे प्रश्न त्याच्या डोक्यात का येतात ते बघ." ते कसं बघायचं असतं, कळलं नाही.

मग खाली बसून उठण्याचा व्यायाम शिकवला. जमिनीवरची एखादी छोटी वस्तू उचलायची आहे असं समजा, गुडघे वाकवा, पाठ सरळ ठेवा. हिल्मारनी "किती वेळा" विचारलं. दहा, मी म्हणाले.

"दहाने काय भरतंय?" ते पुटपुटले.

बोर्गहिलनी मान वळवून त्यांच्याकडे बघितलं. मी नोंद केली: उत्साह चांगला.

सहा मिनिटांत चाललेलं अंतर: हिल्मार ३१२ मीटर. निदान साडेचारशे हवं. अकरा आठवडे आहेत.

गुरुवार, १५ जून

आज तिघांना मनगटावरची घड्याळं दिली. पावलं मोजतात आणि माणूस कुठून कुठे चालला त्याचा नकाशाही काढतात. दर सोमवारी सकाळी सगळं आपोआप हॉस्पिटलमध्ये मेतेकडे जातं. मेते तिथली नर्स, बोर्गहिलची भाची. मीही एक घड्याळ घालणार आहे. जे लोकांना सांगायचं ते स्वतः न करणं मला जमणार नाही.

कल्पना माझी: दर आठवड्याचे नकाशे छापून व्यायामशाळेच्या भिंतीवर लावायचे, शेल्विकच्या मोठ्या नकाशाशेजारी. एकमेकांचं बघून हुरूप येतो, असं अभ्यासक्रमात होतं.

वर्गानंतर कॉफी. बोर्गहिल घरून ब्रेड आणि तपकिरी चीज आणतात. खाऊन झालं की ब्रेडचा कागद झटकतात, घडी घालतात, पुन्हा घडी, पुन्हा घडी, काडेपेटीएवढा करून खिशात. "आठवडाभर चालतो," त्या म्हणाल्या. "कारखान्यात एक कागद मी पंधरा दिवस पुरवलाय." मी माझा ब्रेड डब्यात नेते. त्यांनी डब्याकडे दयेने बघितलं.

मंगळवार, ४ जुलै

नकाशांचा उपयोग होतोय! तिसऱ्या आठवड्यापासून बोर्गहिल वर्गाच्या वीस मिनिटं आधी येतात आणि हिल्मारच्या नकाशासमोर उभ्या राहतात. आज तर भिंग आणलं होतं. मी म्हणाले, तुमचाही नकाशा चांगला वाढलाय. त्या म्हणाल्या, "माझा मला माहीत आहे."

हिल्मारची रेघ रोज एकच: घर, दुकान, धक्का, घर. तरी पावलं चार हजारांवर गेली आहेत, सहा मिनिटांचं अंतर ३५५.

कॉफीच्या वेळी आइलर्ट म्हणाले, यंदा ऊन बरं आहे, मुल्टे लवकर पिकतील. मी सहज विचारलं, "इथे मुल्टे कुठे मिळतात?" ही पिवळी फळं दलदलीत होतात एवढं मला माहीत आहे, पण आमचं बेट म्हणजे नुसता खडक आणि एडर बदकं, मी ती कधी खाल्लेली नाहीत. तिघंही आपापल्या कपात बघायला लागले.

"दुकानात," बोर्गहिल म्हणाल्या.

"ओस्लोत," आइलर्ट म्हणाले.

"विचारू नये असं कुणी शिकवलं नाही का हिला?" हिल्मारनी भिंतीला विचारलं. मग माझ्याकडे वळून, "हे घड्याळ बंद कसं करतात?"

बंद होत नाही, फक्त काढून ठेवता येतं, मी सांगितलं.

"हं," ते म्हणाले.

मंगळवार, २५ जुलै

काहीतरी बिनसलंय. गेल्या आठवड्यात चार दिवसांची हिल्मारची पावलं: ८८, १०२, ९१, ७९. नकाशात नुसता ठिपका. त्यांच्या घरावर.

वर्गाला मात्र आले. मानेवर आणि कानांमागे लालसर पुरळ, मी मोजलं, अठरा. बुटांना काळा ओला चिखल. खुर्चीवर बसल्या बसल्या पेंगले. मी विचारलं, घरी काय करता? "बसतो," म्हणाले. "विचार करतो."

"कसला?"

"आयुष्याचा."

बोर्गहिलना एकदम ठसका लागला. पाणी दिलं.

डॉ. रानवाइगना मेल: थकवा, हालचाल जवळजवळ बंद, मनःस्थिती उदास असावी, मानेवर पुरळ, औषधाचा परिणाम? त्यांनी मलम लिहून पाठवलं.

सोमवार, ३१ जुलै

सकाळी नकाशा उघडला, बंद केला, पुन्हा उघडला. शुक्रवारी हिल्मार खाडीच्या पाण्यात होते. रेघ सरळ खाडीतून पलीकडच्या काठापर्यंत आणि परत, आठ वेळा. एकूण ९६ किलोमीटर. पावलं शून्य.

फोन केला. उचलला नाही. सायकल काढून धक्क्यावर गेले, तर आइलर्ट बोटीतून उतरत होते, आणि हिल्मारचं घड्याळ त्यांच्या मनगटावर.

"हे तुमच्याकडे कसं?"

"हे होय? हिल्मारचं आहे," ते म्हणाले. जणू मला तेच माहीत नव्हतं. "भाचा बोट चालवतो, त्याच्याकडे दिवसभर कॉफी प्यायला गेलो होतो. घड्याळाला जरा हवा लागावी म्हणाला हिल्मार."

दुपारी व्यायामशाळेत नवे नकाशे लावले, तर वर्ग नसतानाही बोर्गहिल त्या आठ रेघांसमोर उभ्या, खांदे गदगदताहेत. मला वाटलं रडताहेत. आजारी मित्राची काळजी असणार. मी पाठीवर हात ठेवला तर म्हणाल्या, "पोरी, काढू नकोस हा. ख्रिसमसपर्यंत राहू दे."

मंगळवार, ८ ऑगस्ट

चाचणी. हिल्मार: ४७१ मीटर.

हे शक्य नाही. तीन आठवडे खुर्चीतून न उठलेला माणूस शंभर मीटर जास्त चालत नाही. मी सगळ्यांना घरी पाठवलं आणि फीत घेऊन व्यायामशाळा मोजली. फेऱ्यांसाठी ठेवलेल्या दोन शंकूंमधलं अंतर वीस मीटर हवं, वीसच होतं. पुन्हा मोजलं. वीस. फेऱ्या आइलर्ट मोजत होते, म्हणून हिल्मारना जेवणानंतर परत बोलावून मी स्वतः मोजल्या. ४६८.

"जेवून आलोय ना," ते ओशाळून म्हणाले.

खुर्चीतून उठण्याच्या चाचणीत अर्ध्या मिनिटात सतरा वेळा. जूनमध्ये आठ होते. मी त्यांना सरळ विचारलं, यात काही लबाडी आहे का? त्यांनी बुटाची नाडी पुन्हा बांधली. "यात नाही," म्हणाले.

गुरुवार, १० ऑगस्ट

डॉ. रानवाइगचा फोन. त्यांच्यापुढे दोन कागद: घड्याळाचा आणि चाचणीचा. दोन्ही खरे असू शकत नाहीत.

"एका दिवसासाठी जोर काढता येतो, सिग्ने. माणसं इथे यायच्या आधी दाढी करतात, पोट आत घेतात, सगळं करतात. पण त्या उपचारात तीन आठवडे बिछान्यात जातात. रोज हलणारं शरीर असेल तरच तो परत उभा राहील. नसेल तर मी त्याला इकडे आणून मारेन. बैठकीत मला घड्याळाचंच ऐकावं लागेल."

"आणि घड्याळ चुकत असेल तर?"

"तर मला पुरावा दे. तो चालतो असं तू स्वतः पाहिलं आहेस का?"

मी नाही म्हणाले. पाहिलं नव्हतं. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, की त्या एका "नाही"ने एका माणसाचा उपचार जाऊ शकतो. आणि "हो" म्हणणं तर माझ्याच्याने होणार नाही. पहिला नियम.

शनिवार, १२ ऑगस्ट

काल लिहिलं नाही. कालचं आज लिहिते.

शुक्रवारी सकाळी सातला हिल्मारच्या घरी गेले. खिडकीतून स्वयंपाकघर दिसतं. टेबलावर घड्याळ पडलेलं. हिल्मार मागच्या दाराने बाहेर पडत होते. रबरी बूट, दोन पांढऱ्या बादल्या.

"कुठे निघालात?"

"दुकानात."

"दुकान त्या बाजूला आहे."

"मग दुकान हललं असेल," म्हणाले, आणि घोड्याच्या नावाने एक शिवी हासडली. ती लिहीत नाही.

मी तिथेच, पायरीवर, सगळं सांगून टाकलं. घड्याळ काय म्हणतं, डॉक्टर काय म्हणतात, बावीस तारखेला काय होईल. ते ऐकत होते, बादल्या खाली न ठेवता.

"घड्याळ घालून गेलो असतो," शेवटी म्हणाले, "तर तू ती जागा भिंतीला टाचली असतीस. बोर्गहिलच्या नाकासमोर. तीस वर्षं ती माझ्या पाठीवर आहे. एकदा तर सायकलवरून आली, जाळ्याचं दुकान शोधत होते म्हणे, दलदलीच्या तोंडाशी!" जरा थांबून त्यांनी विचारलं, "तू मुल्टे कधीच खाल्ले नाहीस? खरंच?"

"खरंच."

"आणि खोटं बोलता येत नाही तुला."

"नाही."

"चल तर मग. चाळीस वर्षांत एवढा लायक माणूस मला भेटला नव्हता."

आम्ही ______ इथे गेलो.

(तिसरा नियम मोडला. मोडू दे.)

एवढं लिहिते: जायला पाऊण तास, शेवटी चढ, आणि मग एकदम सपाट, ओली, शेवाळाची गादी, तिच्यावर दिवे लावल्यासारखे मुल्टे. डास इतके की अठराचं कोडं मला पहिल्याच मिनिटाला सुटलं. हिल्मारनी गुडघे वाकवले, पाठ ताठ ठेवली, मूठभर फळं खुडली, उठले. पुन्हा. माझ्यासमोर, मी शिकवलं होतं तसंच, तंतोतंत. मी मोजायला लागले. दोनशे चौदा वेळा.

"दहाने काही भरत नाही," ते म्हणाले.

मध्येच एका उंचवट्यावर बसून त्यांनी सांगितलं. ही जागा त्यांच्या वडिलांनी त्यांना शेवटच्या आजारात सांगितली, त्याआधी नाही. हिल्मारनी फक्त बायकोला सांगितली, आल्विल्दला. ती गेली त्याला सहा वर्षं झाली. मुलगी ओस्लोत असते आणि मुरंबा बाटलीतला विकत घेते. "मी तिकडून परत नाही आलो," ते म्हणाले, "तर हे नुसतं पिकून गळून जाईल. म्हणून तुला आणलं. चालताना मोजायला नाही आणलं, ते तू केलंस तुझ्या आवडीने."

मी म्हणाले, "तुम्ही परत याल." आणि लगेच वाटलं, हे मी पाहिलेलं नाही.

"आल्विल्दनंतर इथे माणसाचं पाऊल पडलेलं नाही," हिल्मार अभिमानाने म्हणाले. पलीकडे शेवाळात बुटांचे लहान लहान ठसे होते. "रेनडियर," ते न बघताच म्हणाले. जवळच ब्रेडचा कागद पडला होता, काडेपेटीएवढी घडी. माझ्याच खिशातून पडला असणार. कचरा टाकणं मला सहन होत नाही, म्हणून उचलून कोटाच्या खिशात टाकला.

परत निघताना त्यांनी मासे तोलायचा काटा काढला. एक बादली चार किलो नऊशे, दुसरी चार किलो आठशे.

"एका हातात," ते म्हणाले. "कागदावर आहे."

घरी येऊन हात धुताना माझ्या मनगटावर माझं घड्याळ दिसलं.

शनिवार, दुपारी

पडद्यावर नकाशा आहे. शेल्विकपासून त्या जागेपर्यंत सुरेख निळी रेघ, आणि तिथे नुसता गुंता, झुडपाझुडपावर. हा पुरावा आहे. डॉक्टरांनी मागितला तो हाच. सोमवारी सकाळी तो आपोआप मेतेकडे जाईल. मेते म्हणजे बोर्गहिलची भाची. ठेवला तर हिल्मारना उपचार मिळेल. आणि उपचाराहूनही त्यांनी जे जपलं ते भिंतीवर येईल.

आईला फोन केला. नावं न घेता सांगितलं.

"एखादी गोष्ट न सांगणं खोटं असतं का?" मी विचारलं.

आई म्हणाली, "पाहुणे यायचे तेव्हा बदक कुठल्या घरट्यात बसलंय ते तू कधी सांगितलंस?"

"नाही."

"का?"

"बदक उठून जाईल, अंडी गार पडतील."

"मग?" ती म्हणाली. "मी लाल रेघ मारली होती का तेव्हा?"

मी शुक्रवारचा नकाशा पुसला. एका रेघेने नाही. पूर्ण.

मंगळवार, १५ ऑगस्ट

बोर्गहिल भिंतीजवळ. यावेळी माझ्या नकाशासमोर.

"शुक्रवारी कुठे होतीस गं?"

"फिरायला."

"कुठे?"

"बाहेर."

त्यांनी माझ्या मानेवरची पुरळं पाहिली. मग चष्मा काढून बराच वेळ पुसला. "बरी तयार होत चालली आहेस," म्हणाल्या. टोमणा होता की काय, कळलं नाही.

गुरुवार, १७ ऑगस्ट

सकाळी डॉ. रानवाइगना फोन. काय बोलायचं ते कागदावर लिहून घेतलं होतं.

"मी हिल्मारना चालताना स्वतः पाहिलं. पाऊण तास जाणं, शेवटी चढ, दोनशे चौदा वेळा खाली बसून उठणं, पाऊण तास येणं. ते हे आठवड्यातून चार दिवस करतात."

"उत्तम! कुठे?"

"ते मी सांगू शकत नाही."

"म्हणजे?"

"कुठे ते सांगणार नाही. घड्याळ ते मुद्दाम घरी ठेवतात. मी खोटं बोलत नाहीये, फक्त..." कागदावरचं संपलं होतं. "ऑगस्ट आहे, डॉक्टर."

पलीकडे खुर्ची करकरली.

"मुल्टे?"

मी कागद उलटला. मागेही काही नव्हतं.

"अगं बाई," डॉ. रानवाइग म्हणाल्या. "अगं बाई! मग आधी नाही का सांगायचंस? माझे वडील फिनमार्कचे, मुल्ट्यांच्याच मुलखातले. ऑगस्टमध्ये ते फोन फ्रीजमध्ये ठेवून जातात. किती किलो?"

"नऊ किलो सातशे. दोन बादल्यांत, पाचच्या आत."

"तरीच तो प्रश्न! पहिल्याच दिवशी!" त्या इतक्या हसल्या की मी फोन कानापासून लांब धरला. "आणि ती अठरा पुरळं?"

"डास होते."

"मी त्याला महागातलं मलम दिलं, सिग्ने."

"ते बोर्गहिल गुडघ्याला लावतात."

अहवालात मी काय लिहावं ते त्यांनीच सांगितलं: 'नियमित हालचाल, फिजिओथेरपिस्टने प्रत्यक्ष पाहिलेली. ठिकाण: रुग्णाची खासगी बाब.' प्रत्येक शब्द खरा आहे. मी तीनदा वाचलं.

मंगळवार, २२ ऑगस्ट

होकार आला. हिल्मारना फोनवर सांगितलं, तर "बरं" म्हणाले. पाच मिनिटांनी त्यांचा परत फोन आला, "नक्की 'हो'च म्हणाले ना?"

सोमवार, ११ सप्टेंबर

हिल्मार सकाळच्या बोटीने गेले. जाताना मला मुरंब्याची बरणी दिली. धक्क्यावर बोर्गहिलही आल्या होत्या.

"मेलास तर जागा कुणाला?" त्यांनी मोठ्याने विचारलं.

"तू सोडून कुणालाही," हिल्मार बोटीवरून ओरडले.

बोट दिसेनाशी होईपर्यंत त्या उभ्या होत्या. वारा होता. डोळ्यांना फार लागतो इथला वारा.

गुरुवार, २३ नोव्हेंबर

हिल्मार परत आल्याला चार आठवडे झाले. उपचार लागू पडला, रक्त चांगलं आहे असं डॉ. रानवाइग म्हणतात. पण माणूस? बारा किलो उतरलेत. डोक्यावर केस नाही, टोपीतून नुसते कान. टॅक्सीवाला त्यांना व्यायामशाळेत आणतो, दाराशेजारच्या खुर्चीत बसवतो, आणि ते बसतात. मंगळवारी उठले नाहीत. त्याआधीच्या गुरुवारीही नाही. "आज नको, पोरी," एवढंच. मी समजावलं, विनवलं, एकदा जवळजवळ रागावले. डॉ. रानवाइगनी बजावलंय: आत्ता उठला नाही तर नंतर उठवता येणार नाही.

आजही तेच. बाहेर अंधार, बर्फ. "तिकडे सगळं गोठलं असेल," ते स्वतःशीच म्हणाले. "पुढच्या वर्षी कोण जातंय."

माझं अभ्यासक्रमातलं सगळं संपलं होतं.

तेवढ्यात समोरच्या भिंतीजवळून बोर्गहिल म्हणाल्या, "आइलर्ट, इकडे ये. मला कळलं."

"काय कळलं?"

"ह्याची जागा. हिवाळ्यात डोकं बरं चालतं माझं. घर, दुकान, धक्का. आणि जिथे जिथे घड्याळ गेलं ते सगळं वगळत आणलं की उरतं किती?" त्यांनी मोठ्या नकाशावर बोट ठेवलं. "ही."

मी बघितलं. बोट बरोबर त्या जागेवर होतं. चढाच्या वर, सपाटीवर, अगदी तिथेच. बोर्गहिलनी एक क्षण माझ्याकडे पाहिलं. मग बोट दोन पेरं उत्तरेला सरकलं, भलत्याच डोंगरावर, आणि तिथे थांबलं. हात थरथरला असेल, वय आहे. पण सुरी चालवणारा तो हात याआधी थरथरलेला मी पाहिलेला नाही.

"कुठे?" हिल्मारनी विचारलं.

"सांगत्ये ना, इथे."

"इथे म्हणजे कुठे? दिसत नाही इथून."

"मग नको बघूस. जुलैत मी जाईनच."

"थेरडे, बोट हलवू नकोस!" आणि हिल्मार उठले. आधी खुर्चीचे हात धरून, मग न धरता. मी धावले तर त्यांनी मला बाजूला केलं. भिंत धरली नाही, काठी घेतली नाही. एक एक पाऊल, घोड्याच्या त्या शिवीसकट, ते व्यायामशाळा ओलांडून नकाशापर्यंत गेले, नाक टेकवून त्यांनी बोटाखाली पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जूनपासून पाहिलं नव्हतं असं हसू पसरलं.

"तिथे?" ते म्हणाले. "तिथे तर बकरीसुद्धा चरत नाही! तीस वर्षं, बोर्गहिल! तीस वर्षांत तुला एवढंच जमलं?"

"हसू नकोस, मेल्या. पुढच्या गुरुवारी दुसरी जागा सांगते."

"सांग की. मी येतो बघायला."

कॉफी झाली. रुमालासाठी कोटाच्या खिशात हात घातला तर ऑगस्टमधला तो कागद हाताला लागला, काडेपेटीएवढी घडी. मी तर ब्रेड डब्यात नेते, मग हा माझा कसा? टेबलावर ठेवून मी विचार करत होते, तेवढ्यात बोर्गहिलनी तो उचलला, आपल्या खिशात टाकला आणि माझ्याकडे न बघता माझा कप भरला. कागद वाया गेलेला त्यांना चालत नाही.

सगळे गेल्यावर फीत काढली. खुर्चीपासून नकाशापर्यंत अकरा मीटर चाळीस सेंटिमीटर. परत खुर्चीपर्यंत तेवढंच, म्हणजे बावीस मीटर ऐंशी. आधाराशिवाय. तक्त्यात 'कोणत्या उपायाने' असा एक रकाना आहे. रिकामा ठेवायचा नसतो, म्हणून लिहिलं: भूगोल.